मानवी जनुकीय बदलांचे ऑनलाइन डेटाबेस: शोध कसा घ्यावा आणि नोंद कशी वाचावी

कोणत्याही एका माणसाचा संपूर्ण जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएचा पूर्ण संच, वाचला, तर तो प्रमाण मानलेल्या संदर्भ जीनोमपेक्षा साधारण ४१ ते ५० लाख ठिकाणी वेगळा निघतो, असे १००० जीनोम्स प्रकल्पाच्या २०१५ मधील विश्लेषणात दिसून आले. यांतील बहुतेक बदलांचा आरोग्याशी काही संबंध नसतो. काही बदल एखाद्या आजाराची शक्यता किंचित कमीअधिक करतात आणि अगदी मोजके बदल एकट्याच्या बळावर आजार घडवून आणतात. प्रयोगशाळेच्या अहवालात, शोधनिबंधात किंवा स्वतःच्या विश्लेषणात समोर आलेला बदल यांपैकी कोणत्या गटात मोडतो, हे ठरवण्यासाठी लागणारी बरीचशी माहिती आज कोणालाही विनामूल्य पाहता येते. अडचण अशी, की ही माहिती अनेक ठिकाणी विखुरलेली आहे, प्रत्येक ठिकाणी ती वेगळ्या हेतूने गोळा झालेली आहे, आणि एका प्रश्नासाठी उभारलेल्या डेटाबेसकडे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मागितले, तर उत्तर मिळते खरे, पण ते दिशाभूल करणारे असते.

म्हणून संगणकासमोर बसण्यापूर्वी आपला प्रश्न एका वाक्यात लिहून काढावा. हा बदल पूर्वी कोणाला आढळला आहे का आणि त्याचा ओळखक्रमांक काय, हा एक प्रश्न झाला; त्यासाठी अमेरिकेतील एनसीबीआय या संस्थेचा डीबीएसएनपी आहे. तो लोकसंख्येत किती प्रमाणात आढळतो, हा दुसरा. त्यासाठी ब्रॉड इन्स्टिट्यूटचा जीनोम अ‍ॅग्रिगेशन डेटाबेस, म्हणजेच नोमॅड, आहे. त्याचा आजाराशी संबंध असल्याचे कोणी, कधी आणि कशाच्या आधारावर म्हटले आहे, हा तिसरा. त्यासाठी क्लिनव्हार आहे. तो जनुकात नेमका कोठे बसतो आणि त्यामुळे प्रथिनात काय बदलते, हा चौथा. त्यासाठी एन्सेम्बल आणि सांता क्रूझ येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचा जीनोम ब्राउझर आहे. बाकीचे डेटाबेस महत्त्वाचे असले, तरी बहुतेक शोध या ठिकाणांपासूनच सुरू होतात.

या लेखात क्रमांक आणि जनुकांची नावे देवनागरीत दिली आहेत. शोधचौकटीत मात्र ती रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच टंकावी लागतात. नोमॅडचे नाव शोधताना सुरुवातीला न उच्चारला जाणारा जी लिहायला विसरू नये.

आधी पत्ता पक्का करावा

या कामात होणाऱ्या चुकांपैकी सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे चुकीच्या जागेची माहिती वाचणे. ती लवकर लक्षातही येत नाही, कारण पडद्यावर एक नीटनेटकी नोंद दिसत असते. बदलाचा पत्ता संदर्भ जीनोमची आवृत्ती, गुणसूत्र व त्यावरील स्थान, आणि डीएनएच्या ए, सी, जी, टी या अक्षरांपैकी कोणत्या अक्षराच्या जागी कोणते अक्षर आले, या सर्वांनी मिळून बनतो. यांतले काहीही सुटले, तर पत्ता अपुरा राहतो.

आवृत्तीचे महत्त्व एका परिचित उदाहरणावरून लक्षात येईल. सिकलसेल आजाराला कारणीभूत असलेला बदल अकराव्या गुणसूत्रावरील एचबीबी या जनुकात आहे. २००९ मध्ये आलेल्या जीआरसीएच३७ या आवृत्तीत त्याचे स्थान ५२४८२३२ आहे, तर डिसेंबर २०१३ मध्ये आलेल्या जीआरसीएच३८ मध्ये तेच स्थान ५२२७००२ आहे. दोन्ही आवृत्त्या अजून वापरात आहेत. काही जुन्या प्रयोगशाळांचे अहवाल पहिल्या आवृत्तीवर असतात आणि नवे डेटाबेस दुसऱ्या आवृत्तीवर. सांता क्रूझच्या ब्राउझरवर याच आवृत्त्यांना एचजी१९ आणि एचजी३८ असे म्हणतात. अहवालात आवृत्तीचा उल्लेख नसेल, तर अंदाजाने पुढे जाऊ नये. अहवाल देणाऱ्या प्रयोगशाळेकडे विचारणा करावी, किंवा त्या स्थानी अपेक्षित मूळ अक्षर खरोखर आहे का, हे दोन्ही आवृत्त्यांत तपासून पाहावे.

याच उदाहरणात आणखी एक अडचण दडलेली आहे. जनुकाच्या भाषेत हा बदल सी.२०ए>टी असा लिहितात, म्हणजे संकेतक्रमातील विसाव्या स्थानी ए जाऊन टी आला. नोमॅडमध्ये मात्र तोच बदल टी जाऊन ए आला असा दिसतो. एचबीबी हे जनुक गुणसूत्रातील डीएनएच्या दोन धाग्यांपैकी उलट धाग्यावर वाचले जाते आणि जीनोमचे स्थान नेहमी सरळ धाग्यावर सांगितले जाते, हे त्यामागचे कारण. ए आणि टी एकमेकांच्या जोडीचे असल्यामुळे येथे दोन्ही नोंदी जणू परस्परविरोधी वाटतात. ए-टी किंवा सी-जी अशी अदलाबदल असलेल्या प्रत्येक बदलाच्या बाबतीत जनुकाचा धागा कोणता, हे आधी पाहिलेच पाहिजे.

प्रथिनाच्या पातळीवरही नावे बदलली आहेत. सिकलसेलमध्ये सहाव्या स्थानावरील ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते, असे जुन्या पुस्तकांत वाचायला मिळते. आजच्या नियमांनुसार सुरुवातीचे मेथिओनिन हे अमिनो आम्लही मोजले जात असल्यामुळे ते स्थान सातवे ठरते. बीआरसीए१ जनुकातील १८५डेलएजी या नावाने प्रसिद्ध असलेला बदल आता सी.६८_६९डेल असा लिहिला जातो. जुन्या शोधनिबंधातील नाव जसेच्या तसे डेटाबेसमध्ये टाकून काही सापडले नाही, एवढ्यावरून तो बदल नोंदलेलाच नाही असा निष्कर्ष काढणे चूक आहे. शिवाय एकाच जनुकापासून अनेक ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे जनुकाच्या आरएनए प्रतिलिपी, तयार होतात आणि प्रत्येकात क्रमांक वेगळा येऊ शकतो. त्यामुळे नावासोबत ट्रान्सक्रिप्टचा क्रमांक त्याच्या आवृत्तीसह लिहिलेला असला पाहिजे. कोणते ट्रान्सक्रिप्ट निवडावे हे ठरत नसेल, तर एनसीबीआय आणि युरोपियन बायोइन्फर्मॅटिक्स इन्स्टिट्यूट यांनी मिळून ठरवलेले मेन (एमएएनई) सिलेक्ट ट्रान्सक्रिप्ट वापरावे. व्हेरिएंटव्हॅलिडेटर आणि म्युटालायझर ही दोन विनामूल्य साधने दिलेले नाव नियमांना धरून आहे का, हे तपासून देतात आणि चुकलेले असल्यास तसे सांगतात. प्रत्येक शोधाची सुरुवात यांतील एका साधनापासून करण्याची सवय लावून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

काही अक्षरे गळून पडलेली किंवा नव्याने शिरलेली असतील, तर जास्त सावध राहावे. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात वारंवार आढळणाऱ्या सीएफटीआर जनुकातील बदलात तीन अक्षरे गळतात आणि ५०८ व्या स्थानावरील फेनिलअ‍ॅलानिन नाहीसे होते. शेजारची अक्षरे सारखीच असल्याने नेमकी कोणती तीन गळाली हे सांगता येत नाही. बदलांची यादी साठवणाऱ्या व्हीसीएफ प्रकारच्या फायलींत अशा बदलाचे स्थान शक्य तितके डावीकडे लिहिण्याची प्रथा आहे, तर एचजीव्हीएस या नामकरणपद्धतीत ते ट्रान्सक्रिप्टच्या शेवटाकडे शक्य तितके सरकवून लिहितात. त्यामुळे एकाच गळतीचे दोन वेगळे क्रमांक दिसतात आणि अक्षरशः जुळणी करणाऱ्या संगणकप्रणालीला ते दोन निराळे बदल वाटतात.

संदर्भ जीनोम म्हणजे निरोगी माणसाचा जीनोम, हा समजही येथेच सोडून द्यावा. रक्त गोठण्याच्या प्रक्रियेतील एफ५ या जनुकात फॅक्टर फाइव्ह लायडन नावाचा बदल असतो आणि त्यामुळे शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. जीआरसीएच३७ मध्ये त्या स्थानी नेमके धोक्याचेच अक्षर संदर्भ म्हणून बसलेले होते. जीआरसीएच३८ मध्ये ते दुरुस्त झाले. याचा अर्थ असा, की ज्या व्यक्तीच्या जनुकाच्या दोन्ही प्रतींत लायडन बदल आहे, ती व्यक्ती जुन्या आवृत्तीवरील विश्लेषणात त्या जागी संदर्भाशी तंतोतंत जुळेल आणि बदलांच्या यादीत ही जागा येणारच नाही. एका आवृत्तीचे स्थान दुसऱ्या आवृत्तीत रूपांतरित करणारी लिफ्टओव्हरसारखी साधने उपयुक्त आहेत, पण अशा जागी मूळ आणि बदललेले अक्षर उलटापालट झाले आहे का, हे स्वतः पाहावे लागते.

ओळखक्रमांक म्हणजे निकाल नव्हे

डीबीएसएनपीमध्ये प्रत्येक नोंदीला आरएसने सुरू होणारा क्रमांक असतो. सिकलसेलच्या बदलाचा क्रमांक आरएस३३४ आहे. शोधासाठी हा क्रमांक सोयीचा असतो, परंतु तो जागेचा आणि बदलाच्या प्रकाराचा क्रमांक आहे, विशिष्ट अक्षराचा नव्हे. आरएस३३४ या एकाच क्रमांकाखाली सिकलसेल घडवणारा बदल येतो आणि त्याच जागी ए ऐवजी सी आल्याने तयार होणारे, सिकलसेल न घडवणारे जी-मकासर हे हिमोग्लोबिनही येते. म्हणून केवळ आरएस क्रमांक जुळला म्हणून थांबू नये. अक्षरही जुळले पाहिजे. एकाच जागेला चुकून दोन क्रमांक दिले गेल्याचे लक्षात आले, की ते एकत्र केले जातात, त्यामुळे जुन्या निबंधातील क्रमांक नव्या क्रमांकाकडे वळवलेला आढळू शकतो.

नोंद डीबीएसएनपीमध्ये आहे म्हणून तो बदल निरुपद्रवी, असे गृहीत धरून अशा बदलांना विश्लेषणातून वगळण्याची पद्धत एके काळी बरीच रूढ होती. ती घातक आहे, कारण सर्वांना माहीत असलेले रोगकारक बदलही तेथे आहेत. ५० अक्षरांपेक्षा मोठे रचनात्मक बदल डीबीव्हार या वेगळ्या डेटाबेसमध्ये पाहावेत.

वारंवारता: सर्वांत जास्त सांगणारा आकडा

एखादा बदल दुर्मीळ आजार घडवत असेल, तर तो बदल त्या आजारापेक्षा फार जास्त लोकांत आढळता कामा नये. हा साधा तर्क जनुकीय निदानात सर्वांत जास्त कामाला येतो आणि नोमॅडची उपयुक्तता त्यावरच उभी आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या त्याच्या चौथ्या आवृत्तीत ७,३०,९४७ एक्झोम (जीनोममधील प्रथिनांचा संकेत असलेले भाग) आणि ७६,२१५ जीनोम, म्हणजे एकूण ८,०७,१६२ व्यक्तींची एकत्रित माहिती आहे. दुसरी आवृत्ती जीआरसीएच३७ वर, तर तिसरी आणि चौथी जीआरसीएच३८ वर आधारलेली आहे. पानाच्या वरच्या बाजूला कोणती आवृत्ती निवडलेली आहे, हे पाहिल्याशिवाय आकडा उतरवून घेऊ नये.

तर्क आकड्यांत मांडून पाहू. समजा, एखादा आजार दर १०,००० पैकी एकाला होतो आणि तो प्रभावी पद्धतीने येतो, म्हणजे एकच प्रत बदललेली असली तरी पुरते. प्रत्येकाकडे जनुकाच्या दोन प्रती असल्याने, हा आजार घडवणाऱ्या सर्व बदलांची मिळून वारंवारता २०,००० प्रतींमागे एक, म्हणजे ०.००५ टक्के, यापेक्षा फारशी जास्त असू शकत नाही. नोमॅडमध्ये आपला बदल ०.१ टक्का प्रतींत दिसत असेल, तर तो या कमाल मर्यादेच्या वीसपट आहे आणि जवळजवळ प्रत्येक वाहकाला आजारी पाडणारा बदल तो असू शकत नाही. तोच आजार अप्रभावी पद्धतीने येत असेल, तर हिशेब पालटतो. दोन्ही प्रती बदलल्याशिवाय आजार होत नसल्याने बदललेल्या प्रतींची एकूण वारंवारता एक टक्क्यापर्यंत जाऊ शकते, कारण एक टक्क्याचा वर्ग म्हणजेच १०,००० मध्ये एक. त्यामुळे आनुवंशिकतेचा प्रकार माहीत नसताना वारंवारतेवरून निर्णय घेणे शक्यच नाही. सिकलसेलचा बदल नोमॅडमधील आफ्रिकी वंशाच्या गटात सुमारे चार टक्के प्रतींत आढळतो आणि तरीही तो निःसंशय रोगकारक आहे, कारण एक प्रत असलेल्यांना मलेरियापासून संरक्षण मिळते आणि बदल टिकून राहतो.

अनेक जण येथे एकूण वारंवारता पाहून थांबतात. पाहायची असते ती गटवार वारंवारता आणि तीतही सर्वांत जास्त असलेल्या गटाची. जगभराच्या सरासरीत दुर्मीळ वाटणारा बदल एखाद्या लोकसमूहात अगदी सामान्य असू शकतो. हे दुर्लक्षित राहिल्याचे परिणाम खऱ्या कुटुंबांनी भोगले आहेत. २०१६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की हृदयाचे स्नायू जाड होण्याच्या आजाराला कारणीभूत म्हणून नोंदलेले काही बदल कृष्णवर्णीय अमेरिकनांमध्ये सामान्यपणे आढळणारे आणि निरुपद्रवी होते. त्यांच्यापैकी काहींना चुकीचे निदान दिले गेले होते, आणि मूळ अभ्यासांतील तुलनेच्या गटात थोडे जरी कृष्णवर्णीय लोक असते, तरी ही चूक टळण्यासारखी होती. त्याच वर्षी नोमॅडच्या पूर्वसुरीवर, म्हणजे ६०,७०६ व्यक्तींच्या एक्झॅकवर आधारित निबंधात, रोगकारक म्हणून नोंदलेले पण अपेक्षेपेक्षा जास्त वारंवारतेचे १९२ बदल पुन्हा तपासले गेले, तेव्हा केवळ नऊ बदलांच्या बाजूने पुरेसा पुरावा उरला.

गटांची नावेही सैलसर आहेत, हे ध्यानात ठेवावे. दक्षिण आशियाई या एका शीर्षकाखाली शेकडो समाज येतात आणि त्यांतील अनेकांत पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच विवाह होत आले आहेत. सिकलसेलचा बदल या शीर्षकाखाली दुर्मीळ दिसतो, पण मध्य भारतातील काही आदिवासी समाजांत तो मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्यामुळे शक्य असेल तेथे व्यक्तीच्या लोकसमूहाजवळचा डेटाबेसही पाहावा: १,०२९ भारतीयांच्या जीनोमवर आधारित इंडिजेन, जपानमधील जेमॉर्प, किंवा १००० जीनोम्स प्रकल्पातील २६ लोकसमूहांच्या २,५०४ व्यक्तींची माहिती. मात्र एकाच आकड्याला दोन पुरावे समजू नये. नोमॅडच्या चौथ्या आवृत्तीतील चार लाखांहून अधिक एक्झोम ब्रिटनमधील यूके बायोबँक या संग्रहातून आलेले आहेत आणि १००० जीनोम्सचे नमुनेही त्यात सामील आहेत, त्यामुळे हे डेटाबेस एकमेकांना दुजोरा देतात असे म्हणता येत नाही.

बदल नोमॅडमध्ये नसेल, तर तो दुर्मीळ आहे असे म्हणण्यापूर्वी त्या जागेचे वाचन किती लोकांत नीट झाले आहे, ते पाहावे. एक्झोम तपासणीत प्रामुख्याने प्रथिनांचा संकेत असलेले भाग वाचले जातात. जनुकाच्या आतील असंकेतक भागातला बदल तेथे न दिसणे स्वाभाविक आहे. प्रत्येक नोंदीत एकूण किती प्रती तपासल्या गेल्या, हा आकडा दिलेला असतो. तो अपेक्षेपेक्षा फारच कमी असेल, तर वारंवारतेवर विश्वास ठेवू नये. नोंद गुणवत्तेच्या चाळणीतून उत्तीर्ण झाली आहे का, हेही वरच लिहिलेले असते. शंका आली, तर पानाच्या खालच्या भागात प्रत्यक्ष वाचनांचे चित्र उघडून पाहावे. समयुग्मजी, म्हणजे दोन्ही प्रती बदललेल्या, किती व्यक्ती सापडल्या हा आकडा बालवयात होणाऱ्या गंभीर अप्रभावी आजारांच्या बाबतीत फार मोलाचा असतो.

या तर्काला अपवादही आहेत. गंभीर बालरोग असलेल्या व्यक्ती आणि त्यांचे जवळचे नातेवाईक नोमॅडमधून शक्य तितके वगळलेले आहेत. पण उतारवयात होणाऱ्या आजारांचे बदल असलेल्या व्यक्ती त्यात असणारच. एचएफई जनुकातील सी२८२वाय हा शरीरात लोह साठवणारा बदल उत्तर युरोपीय लोकांत सुमारे सहा टक्के प्रतींत आढळतो, आणि दोन्ही प्रती असलेल्यांपैकी अनेकांना कधीच आजार होत नाही. एएसएक्सएल१ या जनुकातील काही हानिकारक बदल नोमॅडमध्ये दिसतात, ते बऱ्याचदा जन्मतः आलेले नसून वयानुसार रक्तपेशींत निर्माण झालेले असतात. नमुने रक्ताचे असल्याने दोन्ही प्रकार एकाच स्तंभात मोजले जातात.

क्लिनव्हारची नोंद मुळापासून वाचावी

२०१३ मध्ये खुला झालेला क्लिनव्हार हा मतांचा संग्रह आहे. तो स्वतः निर्णय देत नाही. प्रयोगशाळा, संशोधनगट आणि तज्ज्ञमंडळे आपापली मते तेथे सादर करतात आणि क्लिनव्हार ती एकत्र मांडतो. पानाच्या वर दिसणारा एका शब्दाचा निष्कर्ष हा या मतांचा गोषवारा असतो. बहुतेक वाचक तेवढाच वाचतात, आणि मला वाटते, क्लिनव्हारच्या वापरातील निम्म्याहून अधिक गैरसमज तेथेच जन्म घेतात.

निष्कर्षाशेजारचे तारे मत किती तपासलेले आहे ते सांगतात. चार तारे व्यावसायिक मार्गदर्शक सूचनेला आणि तीन तारे मान्यताप्राप्त तज्ज्ञमंडळाच्या मताला मिळतात. वर्गीकरणाचे निकष जाहीर करणाऱ्या एकाहून अधिक सादरकर्त्यांचे एकमत असेल, तर दोन. अशा एकाच सादरकर्त्याचे मत असेल किंवा निकष देणाऱ्यांत मतभेद असतील, तर एक. आणि निकषच दिलेले नसतील, तर शून्य. शून्य ताऱ्यांची रोगकारक ही नोंद म्हणजे कोणीतरी, कधीतरी, कारण न सांगता केलेले विधान होय. तिच्यावर वैद्यकीय निर्णय आधारू नये.

त्यानंतर पान खाली सरकवून प्रत्येक सादरीकरण वेगळे वाचावे. मत कोणत्या वर्षी बनवले, ते पाहावे. एक्झॅक किंवा नोमॅडच्या आधीची मते वारंवारतेच्या एवढ्या मोठ्या माहितीशिवाय दिलेली आहेत. कोणत्या आजाराच्या संदर्भात ते मत आहे, ते पाहावे, कारण एकाच बदलाबद्दल एका आजारासाठी एक आणि दुसऱ्यासाठी वेगळे मत असू शकते. सादरकर्त्याने पुरावा लिहून दिला आहे का, ते पाहावे. पाच प्रयोगशाळांनी एकाच जुन्या शोधनिबंधाचा आधार घेतलेला असेल, तर तो पुरावा एकच धरावा. मतभेद असलेल्या नोंदीत मतभेद कशाबद्दल आहे, हेही बघावे: एकाने बहुधा निरुपद्रवी आणि दुसऱ्याने अनिश्चित म्हटले असेल, तर व्यवहारात फरक थोडा, एकाने रोगकारक आणि दुसऱ्याने निरुपद्रवी म्हटले असेल, तर मूळ पुरावा स्वतः तपासण्यावाचून गत्यंतर नाही.

बहुतेक सादरकर्ते २०१५ मध्ये अमेरिकेतील वैद्यकीय आनुवंशिकी आणि विकृतिशास्त्राच्या संघटनांनी प्रसिद्ध केलेली पंचस्तरीय पद्धत वापरतात: रोगकारक, बहुधा रोगकारक, अनिश्चित महत्त्वाचा, बहुधा निरुपद्रवी आणि निरुपद्रवी. यात बहुधा या शब्दाला ९० टक्क्यांहून अधिक खात्री असा अर्थ दिलेला आहे. अनिश्चित महत्त्वाचा याचा अर्थ अर्धा धोका असा होत नाही. आज उपलब्ध पुराव्यावर काही सांगता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. २०२४ पासून क्लिनव्हारमध्ये जन्मतः आलेल्या बदलांची आणि कर्करोगाच्या पेशींत नंतर निर्माण झालेल्या बदलांची वर्गीकरणे स्वतंत्रपणे दाखवली जातात, तेव्हा आपण कोणता रकाना वाचत आहोत, हेही पाहिले पाहिजे.

इतर डेटाबेस केव्हा उघडावेत

जनुक आणि आजार यांच्या संबंधाचा इतिहास हवा असेल, तर ओमिम वाचावा; व्हिक्टर मॅक्युसिक यांनी १९६६ मध्ये छापील ग्रंथ म्हणून सुरू केलेल्या कामाचे ते ऑनलाइन रूप आहे. एखाद्या विशिष्ट जनुकाचा सखोल संग्रह बऱ्याचदा लायडन येथील एलओव्हीडी या व्यवस्थेवर सापडतो. मोठ्या रचनात्मक बदलांसह रुग्णांची लक्षणे डेसिफरमध्ये, कर्करोगातील बदल कॉस्मिकमध्ये आणि औषधांच्या परिणामावर प्रभाव टाकणारे बदल फार्मजीकेबीमध्ये (२०२५ पासून क्लिनपीजीएक्स) नोंदलेले आहेत. मधुमेहासारख्या अनेक जनुकांच्या एकत्रित परिणामाने होणाऱ्या आजारांसाठी जीडब्ल्यूएएस (जीवास) कॅटलॉग पाहावा. मात्र तेथे नोंदलेला बदल बहुधा त्या परिसराचा खुणेचा दगड असतो आणि प्रत्यक्ष कारण त्याच्या शेजारी कोठेतरी असू शकते. सीएडीडी किंवा अल्फामिसेन्ससारख्या संगणकीय भाकितांना डेटाबेसमधील पुराव्याच्या जोडीला ठेवावे, त्याच्या जागी ठेवू नये.

एकापेक्षा जास्त बदल तपासताना

हजारो बदल एकेक करून शोधणे शक्य नसते. एन्सेम्बलचे व्हीईपी हे साधन व्हीसीएफ फाइल घेऊन प्रत्येक बदलाचा जनुकावरील परिणाम, आरएस क्रमांक आणि वारंवारता एकत्र मांडून देते. नोमॅड आणि क्लिनव्हारच्या संपूर्ण फायली उतरवून घेता येतात. टॅबिक्स हे साधन वापरल्यास प्रचंड फाइलमधील हवा तेवढाच भाग मागवता येतो. एनसीबीआयच्या सेवेला प्रणालीद्वारे प्रश्न विचारायचे असतील, तर ओळखकळ (एपीआय की) नसल्यास सेकंदाला तीन आणि ती असल्यास दहा विनंत्यांची मर्यादा आहे. ओमिम आणि एचजीएमडी (रोगकारक बदलांचा आणखी एक डेटाबेस) यांच्या वापराच्या अटी नोमॅडइतक्या मोकळ्या नाहीत, त्या आधी वाचाव्यात.

दुसऱ्याची जनुकीय माहिती हाताळताना मात्र सोयीपेक्षा सुरक्षिततेला प्राधान्य द्यावे. एखाद्या रुग्णाची संपूर्ण फाइल सार्वजनिक संकेतस्थळावर चढवू नये. व्हीईपी आपल्याच संगणकावर बसवून चालवता येते. नाव काढून टाकले म्हणजे ओळख पुसली जाते, असेही नाही. २००८ मध्ये एका निबंधाने दाखवून दिले, की केवळ एकत्रित वारंवारतांवरूनही विशिष्ट व्यक्तीचा नमुना त्या गटात होता की नाही, हे ओळखता येऊ शकते. त्यानंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने अशी काही माहिती सार्वजनिक संकेतस्थळांवरून काढून घेतली. व्यक्तिगत पातळीवरील माहिती म्हणूनच एनसीबीआयच्या डीबीगॅप आणि युरोपीय जीनोम-फीनोम संग्रहात अर्ज करून, संशोधनाचा हेतू सांगून आणि अटी मान्य करूनच मिळते.

थेट ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या तपासण्यांची कच्ची माहिती घेऊन कोणी शोध घेत असेल, तर त्याने एक गोष्ट आधी करावी. २०१८ मधील ४९ नमुन्यांच्या अभ्यासात अशा कच्च्या माहितीतील ४० टक्के बदल वैद्यकीय प्रयोगशाळेत तपासल्यावर अस्तित्वातच नसल्याचे आढळले. क्लिनव्हारमधील रोगकारक हा शब्द वाचून घाबरण्यापूर्वी, तो बदल शरीरात खरोखर आहे का, याची प्रमाणित प्रयोगशाळेत खात्री करून घ्यावी आणि निकाल आनुवंशिकी समुपदेशकासोबत वाचावा.

शोध संपल्यावर टिपणात पुढील गोष्टी लिहून ठेवाव्यात: संदर्भ जीनोमची आवृत्ती, स्थान आणि दोन्ही अक्षरे, ट्रान्सक्रिप्टचा आवृत्तीसह क्रमांक, नोमॅडची आवृत्ती, गटवार वारंवारता आणि तपासलेल्या प्रतींची संख्या, क्लिनव्हारचा व्हीसीव्हीने सुरू होणारा क्रमांक, ताऱ्यांची संख्या आणि पाहिल्याची तारीख. क्लिनव्हारमध्ये दर आठवड्याला भर पडते आणि वर्गीकरणे बदलतात, त्यामुळे तारखेविना लिहिलेला निष्कर्ष दुसऱ्याला पडताळता येत नाही. अनिश्चित म्हणून बाजूला ठेवलेल्या बदलांची वेगळी यादी करून ती ठरावीक काळाने पुन्हा तपासावी, आणि वर्गीकरण बदललेले दिसल्यास ज्याच्या अहवालात तो बदल होता, त्याच्या डॉक्टरांना किंवा अहवाल देणाऱ्या प्रयोगशाळेला ते लेखी कळवावे.